सतरा नंबरची बाटली

माझं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथसमोर उभं राहून गेलं. ऑइल इंजिनाचे बुश, पंपाचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे रोलर, असलं काम. तेव्हा दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर मी चार पानं लिहितोय हे ऐकून माझी बायको हसली. म्हणाली, "रंकाळ्यात कधी पाय भिजवला न्हाईसा, आन् समुद्रावर लिवतायसा."

तिचं खरं आहे. पण त्या समुद्राच्या पोटातलं पाणी धरून वर आणायच्या चोवीस बाटल्या एके काळी माझ्या लेथवर झाल्या, आणि त्यातल्या एकीनं तीन देशांच्या शास्त्रज्ञांना कित्येक महिने भांडत ठेवलं. भांडणाचं मूळ त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. पावसाळा संपत आला होता. एका सकाळी गोव्याची पाटी असलेली जीप माझ्या वर्कशॉपसमोर थांबली आणि चाळिशीच्या एक बाई उतरल्या. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि कडेवर मूल घ्यावं तसं घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. या डॉ. लोटलीकर. गोव्यात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांनी घोंगडी सोडली. आत हातभर लांबीची पितळी नळी होती, दोन्ही टोकांना कॉक बसवलेली झाकणं, मधे दांडी, बाजूला पकड.

"अशा चोवीस हव्यात," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर जहाज सुटतंय. बाहेरून मागवायच्या तर परवाना यायला दोन वर्षं. मुंबईचे कारखानदार म्हणतात, हजार घेणार असाल तर बोला."

"मग कोल्हापूर कुणी सुचवलं?"

"आमच्या ड्रायव्हरनं. तो म्हणाला, कोल्हापुरात नमुना ठेवून चहा प्यायला जावं, परत येईतो शेजारी दुसरा झालेला असतो."

इतकं कौतुक ऐकल्यावर नाही म्हणणारा माणूस उद्यमनगरात तरी जन्मलेला नाही. मी शेजारच्या दौलू तात्यांना हाक मारली. तात्यांची पितळ ओतायची भट्टी माझ्या भिंतीला लागून होती. बुटके, काळे, भुवया भट्टीच्या धगीनं कायमच्या जळलेल्या. त्यांनी बाटली नाकाजवळ नेली, बोटानं वाजवली आणि म्हणाले, "ओताय काय जड न्हाय. पर हिचं काम काय?"

बाईंनी सांगितलं. ते इथं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

समुद्र वर एक असतो आणि खाली दुसराच. किती खोलीवर पाणी किती गार, किती खारट, त्यात प्राणवायू किती, हे बघायचं तर तिथलंच पाणी वर आणायला हवं, वाटेतलं एक थेंबही न मिसळता. म्हणून जहाजावरून एक लांब तार खाली सोडतात आणि तारेला ठरावीक अंतरावर या बाटल्या अडकवतात. जाताना दोन्ही कॉक उघडे, पाणी आरपार जातं. मग वरून तारेवर एक पितळी वजन सोडायचं. ते घरंगळत जाऊन पहिल्या बाटलीच्या खिट्टीवर आपटतं, बाटली उलटी होते, कॉक बंद. उलटताना ती आपल्या अंगावरचं दुसरं वजन सोडते, ते खालच्या बाटलीकडे जातं. असं तळापर्यंत. इंग्रजीत त्या वजनाला मेसेंजर म्हणतात. तात्यांनी त्याच दिवशी त्याचं नाव सांगाव्या करून टाकलं.

"आन् येवढं करून त्या बर्फातलं पानी आनायचं कशाला?" तात्यांनी विचारलं.

"तिथलं पाणी फार गार आणि फार खारट, म्हणून जड. ते बर्फाच्या कडेला तळाशी बुडतं आणि तळानं सरपटत आपल्याकडे येतं. आपल्या समुद्राच्या तळाशी जो गारवा आहे तो तिकडचा आहे. पण नेमकं कुठं बुडतं, ते शोधायचंय."

तात्या म्हणाले, "म्हंजे उगम शोधायचा. आसं सांगा की."

काम घेतलं. पंधरा दिवसांत पहिल्या दोन बाटल्या झाल्या आणि त्या बघायला बाई दोन गोरे पाहुणे घेऊन आल्या. एक नॉर्वेचे हान्स, खांबासारखे उंच, सदा घाबरल्यासारखे. दुसरे रशियाचे ग्रिगोरी, रुंद, गप्प. जहाज नॉर्वेचं, उपकरणं रशियाची, बाटल्या आणि निम्मी माणसं आपली. बर्फ वर्षातून थोडे महिनेच वाट देतं, आणि एकट्या देशाला हा खटाटोप झेपत नाही, म्हणून तिघं एकत्र आले होते. एकत्र आले म्हणजे एका जीपमधून आले, इतकंच. आल्या आल्या दोघांचं वाजलं. नॉर्वेची तार बारीक, रशियाची जाड, आपली मधलीच. सांगाव्याचं भोक कुठल्या तारेच्या मापाचं ठेवायचं, यावर ते अर्धा तास बाईंमार्फत बोलत होते. हान्सना रशियन येत नव्हतं, ग्रिगोरींचं इंग्रजी हान्सना कळत नव्हतं, आणि बाई दोघांचं एकमेकांना सांगताना त्यातले खडे काढून सांगत होत्या, हे मला तोंडावरनं दिसत होतं.

तात्या शेवटी म्हणाले, "ह्येंचं काय चाललंय?"

मी सांगितलं.

"अगा, मोठ्या पायाचा जोडा घ्यायचा आन् ल्हान पायवाल्यानं आत कापूस घालायचा. येवढ्याला काय भांडायचं."

म्हणजे भोक जाड तारेचं ठेवायचं आणि बारीक तारांसाठी आत काढता-घालता येणारे बुश करायचे. मी कागदावर काढून दाखवलं. ग्रिगोरींनी कागद बघितला, तात्यांकडे बघितलं आणि तात्यांच्या पाठीवर असा हात मारला की तात्या भट्टीकडे दोन पावलं गेले. तिन्ही देशांचं त्या मोहिमेतलं हे पहिलं एकमत होतं, असं बाई नंतर सांगायच्या.

बाटल्या थंडीत चालतात का हे बघायला आम्ही त्या बर्फाच्या कारखान्यात नेल्या. तिथं मिठाच्या पाण्याचं मोठं टाकं असतं, ते पाणी बर्फापेक्षा गार असूनही गोठत नाही, आणि त्यात डबे बुडवून लाद्या पाडतात. बाहेर ऑक्टोबरचा ताव, आत आम्ही सहाजण टाक्याभोवती ओणवे. पहिली बाटली बुडवली, वजन सोडलं, आणि बाटली ढिम्म हलली नाही. कॉकला मी प्रेमानं इंजिनाचं ग्रीस भरलं होतं, त्याचा मेणासारखा गोळा झाला होता. हान्सनी रुमालानं सगळं ग्रीस पुसून काढलं आणि खुणेनं सांगितलं, सुकं ठेवा, फक्त केसभर सैल करा. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला तेल घालू नका म्हणणं म्हणजे वाढप्याला तूप घालू नको म्हणण्यासारखं. पण केलं, आणि चाललं.

मग खोली हवी. कोल्हापुरात समुद्र नाही. माझ्या सासऱ्यांची, आण्णांची, कोडोलीला चांगली खोल विहीर होती. एव्हाना झालेल्या पहिल्या बारा बाटल्या तिकडं नेल्या. विहिरीवर तिकाटणं उभं केलं, तार सोडली, आणि अर्धं गाव काठावर जमा झालं. एका म्हाताऱ्यानं हलक्या आवाजात विचारलं, "कोन पडलंय, पावणं?"

आण्णांनी हान्सना विचारलं, "गाव कुठलं?"

"नॉर्वे," बाई म्हणाल्या. "तिथंही बर्फच असतं, सहा-सहा महिने."

"मग घरचं बर्फ सोडून हे दुसऱ्याचं बर्फ बघाय निगालं व्हय," आण्णा म्हणाले. बाईंनी हे भाषांतर करून सांगितलं. हान्स पहिल्यांदा मोकळे हसले.

त्यांनी आण्णांचा हात धरून तारेवर ठेवला. जहाजावर असंच करतात. वजन बाटलीवर आपटलं की तार थरथरते, आणि किती बाटल्या मिटल्या ते हाताला कळतं. सांगाव्या सोडला. आण्णा डोळे मिटून मोजत होते. बारा झाल्यावर म्हणाले, "हायत सगळ्या."

बाराच्या बारा नीट आल्या. वहिनींनी, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या बायकोनं, झुणका-भाकरी आणि खर्डा वाढला. हान्सनी खर्डा जिभेला लावला आणि पुढचा तासभर ताकाच्या तांब्याजवळ बसून काढला. ग्रिगोरींनी तो भाकरीसारखा खाल्ला आणि आणखी मागितला.

इथवरची गोष्ट मी कुठंही रंगवून सांगतो. पुढची आजवर फार थोड्यांना सांगितली.

उरलेल्या बारा बाटल्या व्हायच्या होत्या आणि दिवाळी आठ दिवसांवर आली होती. त्यात उचगावचे बापू रोज येऊन बसायचे. त्यांच्या गुऱ्हाळाच्या चरकाचा रोलर माझ्याकडे पडून होता. "ऊस उभा हाय रानात," ते म्हणायचे, "आन् तू ध्रुवाला नटवतोयस." तात्यांनी घाईघाईनं सगळी झाकणं ओतून दिली, भट्टी विझवली आणि लेकीकडे निपाणीला गेले. पाहुणे केव्हाच गोव्याला परतले होते. दुसऱ्या बारा विहिरीत सोडून बघायला कुणी नव्हतं.

सतरा नंबरच्या बाटलीच्या झाकणावर शेवटचा हात फिरवताना मला एक ठिपका दिसला. सुईच्या टोकाएवढा. साच्याची वाळू ओली राहिली आणि ओतताना वाफ आत अडकली की असं भोक राहतं. मी टाचणी घातली, ती आरपार गेली.

झाकण नवीन ओतायला हवं होतं. त्यासाठी तात्यांना बोलवा, भट्टी पेटवा. दोन दिवस तरी. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मी काय केलं असेल ते आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल. भोकात कथलाची झाळ भरली, वरून घासली, पॉलिश केलं. मग बाटली पाण्यानं भरून दिवसभर टांगून ठेवली. एक थेंब गळला नाही. मी स्वतःला म्हणालो, झालं की. आणि बाकीच्या बाटल्यांच्या रांगेत तिला ठेवून दिलं. सकाळी बाईंनी एकेक बाटली हातात घेऊन बघितली. सतरावी बघून त्या म्हणाल्या, "ही सगळ्यांत चकचकीत झालीय."

उन्हाळ्यात त्यांचं पत्र आलं. चार पानी, आनंदानं ओसंडणारं. जहाज सुखरूप परतलं होतं. ज्या ज्या ठिकाणी तार सोडली तिथं एका विशिष्ट खोलीवर त्यांना वेगळं पाणी सापडलं होतं. आजूबाजूच्यापेक्षा कमी खारट, प्राणवायू जास्त. म्हणजे वरचं पाणी जवळच कुठंतरी नुकतंच खाली उतरलेलं. त्या भागात असा थर पूर्वी कुणी नोंदवला नव्हता. बाई त्यावर निबंध लिहीत होत्या, आणि शरद ऋतूत परदेशी होणाऱ्या तिन्ही देशांच्या बैठकीत तो वाचणार होत्या.

शेवटच्या पानावर होतं: 'ग्रिगोरी म्हणतात, बाटली गळते. मी त्यांना सांगितलं, एका ठिकाणी चूक होईल, सगळ्या ठिकाणी कशी होईल? जहाजावर ती भरून टांगूनही बघितली, गळली नाही. तरी त्यांचं समाधान नाही. तेव्हा तुमच्या लेटरहेडवर एवढंच लिहून पाठवा, की सतरा नंबरची बाटली इतरांसारखीच निर्दोष बनवली होती.'

बाटल्या तारेवर नेहमी नंबरानं लावतात. म्हणजे सतरावी प्रत्येक वेळी त्याच खोलीवर जात होती. आणि टांगल्यावर ती गळत का नव्हती तेही मला तेव्हा उमगलं. बाटली टांगली की ते झाकण वरच्या बाजूला येत होतं. खालचं तोंड घट्ट बंद, मग वरच्या भोकातून पाणी गळणार कसं? मी ती चुकीच्या अंगानं तपासली होती, आणि जहाजावरही तसंच झालं होतं.

लेटरहेड काढलं. 'सदर बाटल्या' एवढं लिहिलं आणि पेन ठेवलं. दोन दिवस तो कागद लेथच्या खणात राहिला. खरं सांगायचं तर ते वाक्य लिहून टाकावं असं मला अनेकदा वाटलं. इतक्या लांबच्या पाण्याची खात्री करायला कोल्हापुरात कोण येणार होतं? बाई खूष, मी खूष, ग्रिगोरींचं तोंड बंद. तिसऱ्या दिवशी मी तात्यांच्या भट्टीवर गेलो आणि सांगून टाकलं.

तात्या चिडतील असं वाटलं होतं. ते वाळू चाळत राहिले.

"माझ्या वतकामाला भोक हुतं, आन् तू मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही निपाणीला होता."

"निपाणी काय ध्रुवावर हाय?" ते म्हणाले. चाळण खाली ठेवली. "भोक माजं, झाळ तुजी. दोघं जाऊ."

आम्ही एसटीनं पणजीला गेलो. बाईंच्या टेबलावर मोठमोठे आलेख पसरलेले होते. प्रत्येकावर एक रेघ खाली उतरत जायची आणि एका जागी तिला टेंगूळ यायचं. सगळ्या आलेखांत त्याच जागी. बाई उत्साहानं दाखवायला लागल्या. मी म्हणालो, "आधी बाटली बघू."

त्यांनी कपाटातून बाटली काढली. मी झाकण सोडवलं, बरोबर आणलेला झाळायचा खिळा तापवला आणि त्या ठिपक्याला लावला. खरं तर तापवायची गरजच नव्हती. झाळ थंडीनं आणि हिसक्यांनी आधीच फाटली होती, नखानं निघाली. मी झाकण बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीकडे धरलं आणि एक डोळा मिटून त्यातून बघितलं.

"म्हणजे माझा थर इथून आत आला," त्या म्हणाल्या.

बाटली वर येताना वाटेतलं पाणी थोडं थोडं आत शिरत होतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी आलेख एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या.

"मला तेव्हा का सांगितलं नाहीत, तोडकरमेस्त्री?"

"जीप आली होती, बाई."

"जीप मी थांबवली असती."

आजही कुणी काम घाईत मागितलं की मला हे वाक्य ऐकू येतं. त्या रागावून बोलल्या असत्या तर मी विसरलो असतो.

तात्यांनी आपलं म्हणणं मांडलं, की ओतकामातली चूक त्यांची आहे आणि मेस्त्रीला एकट्याला बोलू नका. बाईंनी त्यांना चहा दिला. मग मला म्हणाल्या, "लेटरहेड आणलंय ना? लिहा. काय केलंत, कसं केलंत, तपासणीत काय चुकलं. मराठीत लिहा, मी त्याचं इंग्रजी करते."

मी लिहिलं. सही केली. तात्यांनी खाली अंगठा नको म्हणून हट्टानं सही केली, ती अर्ध्या पानावर गेली.

त्यानंतर गोव्याकडून निरोप नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बापूंचा चरक बसवून दिला, ते तेवढे खूष. मी मनात धरलं की ते दार बंद झालं, आणि बंद व्हावं असंच मी केलं होतं.

थंडी सरताना जीप आली. बाई उतरल्या. बैठकीत काय झालं ते त्यांनी भट्टीसमोरच्या बाकावर बसून सांगितलं. निबंधाच्या जागी त्यांनी उभं राहून माझा कागद वाचला. बाईंना वाटलं, आता ग्रिगोरी उठून सांगणार, मी म्हणत होतोच. ग्रिगोरी उठले खरे. त्यांनी तो कागद मागून घेतला, मराठी ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, आमच्या स्वतःच्या मोहिमांतल्याही दोन बाटल्या तीन वर्षं गळतायत. आम्हाला माहीत आहे. आम्ही त्या वरच्या पाण्याला लावतो, तिथं फारसं बिघडत नाही, आणि कुणाला सांगत नाही.

मग हान्स बराच वेळ खोकले. त्यांच्या सहा निघाल्या.

तिथंच ठरलं, की यापुढं जहाजावर चढण्याआधी प्रत्येक देशानं आपल्या खोट असलेल्या बाटल्यांची यादी बाकीच्यांना द्यायची. त्याला त्यांनी काहीतरी लांबलचक नाव दिलं. बाई म्हणाल्या, एका जहाजावर तीन देश होते, पण एकत्र काम त्या यादीपासून सुरू झालं. स्वतःच्या थराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या मोहिमांत त्यांनी तो शोधून बघितला, तिथं काहीच नव्हतं. पाणी कुठं बुडतं ते पुढं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागलं, असं मी ऐकलं. त्यांचे हुकलेले महिने मी कशानंही भरून देऊ शकलो नाही.

ड्रायव्हरनं जीपमधून लाकडी खोकं उतरवलं. आत त्या आठ बाटल्या होत्या, दोन रशियाच्या आणि सहा नॉर्वेच्या. वर आमची सतरावी. सगळ्यांची झाकणं नवीन ओतायची होती.

"या वेळी घाई नाही," बाई म्हणाल्या. "आणि यातली एखादी नाही जमली तर तसं सांगा."

तात्यांनी हात पुसले. एक नॉर्वेची बाटली उचलली, झाकण सोडवलं आणि दाराशी उन्हात जाऊन धरलं.

"मेस्त्री, हिकडं या," ते म्हणाले. "ह्येंच्यात बी हाय की."

मी बघितलं. बारीक, गोल, अगदी आमच्यासारखंच भोक.

तात्या बाईंकडे वळले. "ह्ये ओतनाऱ्याचं नाव काय?"

"मला नाही माहीत, तात्या. हान्सना विचारावं लागेल."

"इचारा. आन् त्याला कळवा, म्हनावं वाळू वली ऱ्हायली हुती. माजी बी तशीच ऱ्हायलेली."

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि ते होतं तसं लिहून घेतलं.